आप्पाचा मंगळवार

आमच्या शिरूर तालुक्यातला माणूस एक वेळ लग्नातलं जेवण सोडेल, पण सत्कार सोडणार नाही. लग्नाचा मुहूर्त टळून जातो, नवरदेव घामानं विरघळून निम्मा उरतो, हातातल्या अक्षतांना मोड येतात, तरी टॉवेल-टोपी-नारळ चालूच. नाव पुकारायचं राहिलं म्हणून नवरीचा चुलता रुसून उसात जाऊन बसलेला मी पाहिला आहे. पाहिला म्हणजे काय, त्याला माघारी बोलावायला मलाच जावं लागलं, कारण माईक माझ्या हातात होता. निमोण्यापासून तळेगाव ढमढेऱ्यापर्यंतची लग्नं मी पुकारली. माझा आवाज असा, की कर्णा बंद पडला तरी घोड नदीपलीकडच्या म्हशी दचकून दूध चोरायच्या.

अशा तालुक्यात एक माणूस असा होता, की माईकवर स्वतःचं नाव ऐकलं की पळून जायचा. अगदी धोतर सावरून पळायचा. एका लग्नात मी सहज म्हणालो, "आपल्यामध्ये उपस्थित आहेत आपल्या भागाचे जुनेजाणते जीपवाले..." एवढ्यात आप्पा भरल्या ताटावरून उठला आणि मांडवामागच्या उसात घुसला. इतक्या वेगानं घुसला, की दोन्ही बाजूंच्या उसाचं पाचट आपोआप सोलून पडलं. मालकानं तो ऊस तसाच कारखान्याला घातला. तोडणीवाल्यांना फक्त तो गाडीत भरायचं काम उरलं होतं.

त्याचं नाव आप्पा कोळपे. म्हणजे आपण इथं तसं म्हणू. या लेखातली सगळी नावं मी बदलली आहेत आणि आमच्या गावाचं नाव तर सांगणारच नाही. कारण पुढं कळेल.

आता विचार करा. जिथं सत्कारासाठी भाऊ भावाशी बोलणं टाकतो, तिथं 'माझं नाव घेऊ नको' म्हणणाऱ्या माणसाबद्दल काय वाटणार? सगळ्या गावाला एकच वाटलं. ह्याच्या पोटात काहीतरी आहे.

आप्पाचे वाडवडील मेंढरं घेऊन पावसाळ्याआधी घाट चढायचे आणि दिवाळीनंतर उतरायचे. बापानं मेंढरं विकून जमीन धरली, आप्पानं जीप घेतली आणि गिऱ्हाईकं भरून न्यायचं वडाप सुरू केलं. पण मेंढपाळ तो मेंढपाळच. गिऱ्हाईक चढलं की म्हणायचा, "सरका, सरका, उबंला बसा." त्या जीपमध्ये तो इतकी माणसं उबेला बसवायचा, की शिरूरला उतरताना प्रत्येकाला आपापले पाय शोधून घ्यावे लागायचे. माझ्या मामाला एकदा दुसऱ्याचाच गुडघा मिळाला. तो मरेपर्यंत लंगडत होता. आप्पाला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असायचं. "डिझेल कुठं भरता?" "तुला काय करायचंय?" "पाऊस पडंल का वो आप्पा?" "तुला काय करायचंय?"

बाकीचे दिवस जीप शिरूरच्या रस्त्यावर असायची. मंगळवारी मात्र उजाडायच्या सुमाराला ती उलट्या दिशेला निघायची, इनामगावच्या वाटेनं थेट दौंडकडे, आणि दिवस कलल्यावर परत यायची. नेहमीचं गिऱ्हाईक हात करून थकलं तरी त्या दिवशी थांबायची नाही. आणि भलत्याच ठिकाणी थांबायची. कधी फाट्यावरच्या बाभळीपाशी, कधी देवळाच्या मागं.

गावातल्या हॉटेलात यावर रोज न्यायालय भरायचं. न्यायाधीश आमचे तात्या. दांडगी शेती, दांडग्या मिशा आणि त्याहून दांडगा संशय. तात्यांना स्वतःच्या सावलीचाही भरवसा नसायचा. चालताना मधूनच मागं वळून ती नीट येतेय का ते बघायचे.

"इनामगावला सरकारनं उकरलं तवा हजारो वर्षांच्या घागरी निघाल्या का न्हाई?" तात्या बशीतला चहा फुंकत विचारायचे.

"निघाल्या की."

"मग आप्पाची जीप त्याच वाटंनं का जाती? हंडा गावलाय त्येला. सोन्याचा. दौंडला न्हेऊन थोडं थोडं इकतोय."

"हंडा गावला असता तर जीपला नवं टायर आलं असतं, तात्या," हॉटेलवाला म्हणायचा.

"त्येच तर! टायर टाकत न्हाई म्हंजी चोर पक्का हाय."

या युक्तिवादापुढं कुणाचं काही चालायचं नाही. मला मात्र हंडा पटत नव्हता. लोकांच्या थापा मी उभ्या उभ्या ओळखतो, आणि ही थाप मला कुणीतरी मुद्दाम घडवल्यासारखी वाटायची. शेवटी एका मंगळवारी मी ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं निमित्त काढलं आणि यष्टीनं दौंड गाठलं.

दौंड म्हणजे जंक्शन. निम्मा हिंदुस्थान तिथं गाडी बदलतो आणि कोण कुणाबरोबर चाललंय हे विचारायला कुणाला सवड नसते. पुण्याकडं जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर, पार टोकाला, पत्रा संपतो तिथं मला आप्पा दिसला. मी लगेच वजनाच्या यंत्रामागं लपलो. ते यंत्र माझ्यापुढं काडीपेटीएवढं. दोन्ही बाजूंनी मी ओसंडून वाहत होतो. पण आप्पाचं लक्ष नव्हतं. त्याच्याभोवती काही माणसं बसली होती. बायांचे पदर तोंडावर, पुरुषांच्या टोप्या डोळ्यांवर. आप्पा फडक्यातून उकडलेली अंडी काढून एकेकाच्या हातात देत होता. "खा. सगळं खायाचं. रिकाम्या पोटी गोळी सोसत न्हाई."

त्यातल्या एका बाईनं खाण्यासाठी पदर बाजूला केला आणि मी तिला ओळखलं. ती शालन होती, तात्यांची लेक. तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. तो गेल्यावर ती पोराला घेऊन माहेरी आली होती. घरी सांगायची, दौंडला शिवणाच्या क्लासला जाते.

माझं डोकं फिरलं. बायका पळवून विकणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या तेव्हा पेपरात यायच्या. मी यंत्रामागून गरजलो, "आप्पा! पोरगी कुठं चालवलीय?"

हमाल थांबले. सुटायला निघालेली एक मालगाडीसुद्धा थांबली असं मला आजही वाटतं. आप्पा धावत आला आणि त्यानं माझं तोंड दाबलं. "बाळ्या, कर्णा बंद कर तुझा!"

"कुठं नेताय तिला?"

"तुला काय करायचंय?"

"मी तात्यांना सांगीन."

तेव्हा शालनच उठून आली. हातात अर्धं अंडं तसंच. "सांगा की बाळूदादा. आजच सांगा. तात्या मला आजच भाईर काढतील, माझ्या पोराला बी काढतील. मग त्येला तुमच्या घरी घेऊन जावा."

तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, म्हणून मी जास्त घाबरलो. आप्पानं मला बखोटीला धरलं. "आला हाईस तर चल. बघ डोळ्यानं, मंजी तोंड बंद ऱ्हाईल."

पुण्यातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एका खोलीपुढं रांग होती. त्या खोलीवरच्या पाटीकडे कुणीही बघत नव्हतं. तेव्हा कुठं मला उमगलं. ज्या आजाराचं नाव आमच्याकडे कुणी उच्चारत नव्हतं, नुसतं 'तसलं काहीतरी' म्हणून मान हलवायचे, तो आजार होता. शालनला तो नवऱ्याकडून आला होता. आमच्या भागातून कुणी शिरूरच्या स्टँडवरून पुण्याला निघालं तर दहाजण विचारणार, कुठं, कशाला, कुणाला बघायला? म्हणून आप्पा उलट्या वाटेनं दौंडला न्यायचा. गोळ्या फुकट मिळायच्या. पण त्या घ्यायला जाताना दिसणं परवडणारं नव्हतं.

दुपारी आप्पानं चहा आणला. ग्लास कमी पडले. एका खंगलेल्या माणसानं अर्धा पिऊन खाली ठेवलेला ग्लास आप्पानं उचलला, घोटभर घेतला आणि माझ्यापुढं धरला. "घे. असं लागत न्हाई ते. डागदरनी मला समजावलंय." मी जन्मभर हजारो थापा मारल्या असतील, पण 'मला चहा चालत नाही' ही साधी थाप त्या वेळी जिभेवर येईना. तो खंगलेला माणूस माझ्याकडं बघत होता. मी प्यालो. गोडमिट्ट चहा होता.

परतताना, सगळ्यांना आपापल्या बाभळीपाशी उतरवल्यावर, मी भारावून म्हणालो, "आप्पा, अहो हे केवढं काम! पुढच्याच लग्नात मी माईकवरनं..."

आप्पानं असा ब्रेक मारला की माझं कपाळ काचेला चिकटलं. "बाळ्या, माझं नाव झालं की जीपचं नाव झालं. आन् मग जीप ज्येच्या दारात हुबी ऱ्हाईल त्येचं नाव झालं. कोन चढंल माझ्या जीपमधी?"

थोडं अंतर गेल्यावर तोच बोलला. "थोरला पोरगा माझा ट्रकवर हुता. त्येला आमी मेंढराच्या जुन्या वाड्यात ठिवलं. ताट लांबनं सरकवायचो. मी बी सरकवलं. तो गेल्यावर डागदर भेटला. म्हनला, ताट हातात दिलं असतंत तरी कुनाला काय झालं नसतं." गाव दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "इनामगावच्या हंड्याची गोष्ट मीच सोडलीया. पर ती आता शिळी झाली. तू येवढ्या थापा मारतोस, माझ्याबद्दल चार ताज्या सोड की."

झालं! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला थापा मारायला अधिकृतपणे नेमलं होतं. मी जीव ओतला. आप्पाच्या जीपमध्ये डिझेल नसतं, गावठी असते, म्हणून ती चढावर झिंगते. आप्पाचं दौंडला दुसरं कुटुंब आहे आणि तिथं तो रेल्वेचा गार्ड म्हणून ओळखला जातो. ही दुसरी गोष्ट इतकी पसरली, की आप्पाची बायको लाटणं घेऊन माझ्या दारात आली. तिला खरं सगळं माहीत होतं. तिचं म्हणणं वेगळंच होतं. "सवत सांगायची तर जरा बरी दिसनारी सांगावी! हॉटेलात म्हनं ती एका डोळ्यानं तिरळी हाय!"

याची किंमत आप्पानंच भरली. बरीच माणसं दुसऱ्या जीपनं जायला लागली. पोलीसपाटील येता-जाता सीटखाली वाकून बघायला लागला. पारावर आप्पा येऊन बसला की बोलणं थांबायचं. तात्या तर त्याच्या तोंडावर म्हणायचे, "काय गार्डसाहेब, हंडा सपला का अजून हाय?" आप्पा शांतपणे तंबाखू मळत राहायचा. "तुमाला काय करायचंय?"

असं सगळं छान संशयात चाललेलं असताना संदीप आला. हा आमच्याच बौद्धवस्तीतला, माझ्या शेजारचा. पुण्यात समाजसेवेचं शिक्षण घेत होता. हुशार आणि मनानं चांगला, आणि असल्या पोरांचीच मला जास्त भीती वाटते. दवाखान्यात त्यानं आप्पाला पाहिलं, तिथल्या लोकांकडून सगळं ऐकलं आणि त्याचं रक्त तापलं. एवढा मोठा माणूस, आणि गाव त्याला चोर म्हणतं? तरुण मंडळ गोळा करून त्यानं ठरवलं, सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर आप्पाचा जाहीर सत्कार. मंडळाच्या पोरांना त्यानं एवढंच सांगितलं होतं, की कारण स्टेजवर कळेल.

मला तेही माहीत नव्हतं. झेंडावंदन झालं, मी माईक धरला, तर काय, दोन पैलवान पोरं आप्पाला दोन्ही दंडांना धरून स्टेजवर आणत होती. आप्पाचे पाय हवेत सायकल चालवत होते. अध्यक्षांच्या खुर्चीत तात्या. समोर पहिल्या रांगेत शाळेची पोरं, त्यांत शालनचा मुलगा, आणि उजवीकडं बायकांमध्ये शालन.

संदीप माझ्या कानाशी लागला. त्याचे डोळे चमकत होते. "काका, आज सगळं सांगून टाका. मंगळवारचं, दवाखान्याचं, सगळं. लपवल्यामुळंच हा आजार वाढतो. आणि शाल शालनताईंच्या हातून देऊ. त्यांना मी अजून बोललो नाही, पण ऐन वेळी नाव पुकारलं की त्या नाही म्हणणार नाहीत."

मी बायकांकडं पाहिलं. शालननं संदीपचं बोट आपल्याकडं वळलेलं पाहिलं होतं. सगळं मैदान बसलेलं असताना ती एकटी उठून उभी राहिली होती. पळावं तर पोरगं पहिल्या रांगेत.

माझं तोंड माझ्याआधी सुटलं.

"बंधू-भगिनींनो! आज आपण ज्यांचा सत्कार करतोय, त्यांनी असं काम केलंय, की ते ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही! इतकी वर्षं या खडबडीत रस्त्यांवर जीप चालवून, एकही अपघात न करणारे, विनाअपघात चालक, आप्पा कोळपे!"

मग मागून एक म्हातारी कडाडली, "आन् माझी शेळी काय ईज पडून मेली का रं?"

"आमच्या न्हाणीची भित कुनी पाडली?"

"माझ्या लग्नात मांडवाचा डांब घेऊन गेला की ह्यो! नवरा-नवरी उघड्यावर!"

हेडमास्तरांनी न राहवून शाळेच्या फाटकाकडं पाहिलं. तिथल्या डाव्या खांबाला आप्पाच्या जीपनं गेल्याच वर्षी नमस्कार घालायला लावला होता. ते बघून पोरं खिदळायला लागली, मग बाया, मग सगळं मैदान. संदीप लाल होऊन माईक ओढायला आला. "काका, काय हे? खरं सांगा!"

मी तळव्यानं माईक झाकला. "संदीप, पहिल्या रांगेत बघ. शालनच्या पोराच्या दोन्ही अंगाला पोरं कशी चिकटून बसलीत?"

"बसलीत. मग?"

"तू बोलल्यावर बसतील?"

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माईकवरचा त्याचा हात सैल पडला. मग त्यानं तोच माईक परत जवळ ओढला तेव्हा माझा जीव गोळा झाला; पण तो ओरडला, "मी पण एकदा ह्यांच्या जीपमधून पडलोय! तरी सत्कार करायचाय!" मैदान हसून लोळायला लागलं. शालन हळूच खाली बसली.

तात्यांनी शाल घातली, पण माईकजवळ तोंड नेऊन बोललेच, "ह्यो काय तरी लपवतोय, मी आजबी सांगतो!" आप्पा नुकत्याच कातरलेल्या मेंढीसारखा शालीत उभा होता. खाली उतरताना माझ्या कानात म्हणाला, "बाळ्या, येवढा घाण सत्कार कुनाचाच झाला नसंल. ब्येस केलंस."

त्यानंतर काही वर्षं जीप मंगळवारच्या मंगळवार दौंडला जात राहिली. संदीप नोकरी धरून शिरूरला आला आणि सुट्टी काढून तिच्यात बसायला लागला, गाडी चालवायलाही शिकला. मग एका हिवाळ्यात, जीपखाली झोपून काहीतरी आवळत असताना, आप्पाच्या छातीत कळ आली. बायको चहा घेऊन आली तेव्हा संपलेलं होतं. हातात पाना तसाच होता.

सोमवारी सकाळी नदीकाठी आम्ही त्याला पोचवला. गावातली माणसं बेताचीच होती, पण कुठून कुठून अनोळखी माणसं आली होती. लांब, बाभळीखाली, एकमेकांना ओळखत नसल्यासारखी उभी होती. गावकऱ्यांनी विचारलं तर एकजण म्हणाला मेंढराच्या व्यवहारातली ओळख, एक बाई म्हणाली लांबची भाची, एकजण म्हणाला रस्ता चुकलो. तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असे गरजले, "बघा! टोळी आली टोळी! मी म्हनत नव्हतो?"

माणसं पांगल्यावर त्यांनी मला वाळूच्या बाजूला घेतलं. "बाळू, उद्या मंगळवार हाय."

"व्हय."

"शालनच्या गोळ्या सपत आल्यात. कोन न्हेनार?"

"तात्या... तुमाला ठावं हुतं?"

"बाप हाय मी तिचा. तुझ्या आदी मी गेलतो दौंडला, त्या जीपच्या मागं."

"मग हॉटेलात येवढं बोंबलायचात कशाला?"

"मी गप बसलो असतो तर लोकं म्हनली असती, तात्या गप का?" ते नदीकडं बघत राहिले. "तिला बोलाय जीभ रेटली न्हाई. दर मंगळवारी इचारतो, काय शिवलंस आज? ती सांगती, झबलं शिवलं, परकर शिवला. मी व्हय म्हनतो. घरात एक चिंधी आल्याली न्हाई आजवर."

मंगळवारी उजाडताना मी देवळामागं जाऊन उभा राहिलो. जीप आली. चालवायला संदीप, आणि शेजारी, फेटाबिटा बांधून, तात्या. शालन शिवणाची पिशवी घेऊन आली आणि बापाला पाहून जागच्या जागी थिजली. तात्या समोरच्या काचेतून रस्त्याकडंच बघत राहिले. "बस की आता," ते म्हणाले, "गाडी चुकंल." तिनं पिशवी छातीशी धरली, मागं चढली, आणि जीप निघाल्यावर मला दिसलं, तात्यांनी मान न वळवता हात मागं केला होता आणि त्यात फडक्यात बांधलेल्या अंड्यांची पुरचुंडी होती.

मी हॉटेलात आलो. तात्यांची जागा रिकामी. हॉटेलवाल्यानं विचारलं, "तात्या कुठं गेलं?"

"दौंडला. दाढ काढायला."

"दाढ? त्यांच्या तोंडात दाढ हायच कुठं? आन् गेलं कशानं, तर आप्पाच्या जीपनं?" त्यानं आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "बाळूभाऊ, ह्या तात्यांचं काय तरी काळंबेरं हाय बरं का."

मी खुर्ची पुढं ओढली. "बोलू नये," म्हणालो, "पण मला तर कधीपासूनच वास येतोय."